सुदामकाकांची टकटक

आमच्या घरात बोलायचं असलं तर आधी बाबांच्या ओठांकडे बघावं लागायचं. माणूस तसा गरीब गाय, उभ्या जन्मात त्यांनी कुणाला चढा आवाज दिला नाही. पण हिंगणीत मोटर वायंडिंगचं काम करणारे तेच एक, आणि ते काम चालायचं आमच्या ओसरीत. दिवाळी झाली, गव्हा-हरभऱ्याला पाणी सुरू झालं की पंचक्रोशीतल्या मोटरी जळायला लागायच्या आणि बैलबंडीतून, सायकलच्या कॅरिअरवरून आमच्या दारात येऊन पडायच्या. बाबा जळकी तार काढून फेकायचे आणि नवी तार गुंडाळायला बसायचे. तोंडानं मोजणी चालू. दोनशे एकेचाळीस, दोनशे बेचाळीस. या वेळी कुणी हाक मारली, काही विचारलं, नुसतं मोठ्यानं खोकललं तरी आकडा हुकायचा, आणि आकडा हुकला की बाबा एक शब्द न बोलता सगळी तार उकलून पहिल्यापासून सुरुवात करायचे. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. त्यामुळे मीठ हवंय, पाणी आलंय, दारात पाहुणा आहे, हे सगळं आई हातवाऱ्यांनी सांगायची. संध्याकाळी विहारातली वंदना सुरू झाली की बाबा हातातला वेढा पुरा करून थांबायचे, आकडा भिंतीवर खडूनं लिहायचे, आणि मग घराला कंठ फुटायचा. दिवसभराचं साचलेलं बोलणं आम्ही पातोडीच्या रश्श्याबरोबर एका दमात संपवायचो. आजही प्रयोगशाळेत कुणी आकडे टिपत असलं की मी दारातच उभी राहते, आणि मुलांना वाटतं मॅडम फार शिस्तीच्या आहेत.

अशा घरात मी एक दिवस वर्ध्याच्या कॉलेजातून पत्र्याचा एक डबा घेऊन आले. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि आम्हाला पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या देवतळे सरांना एक वेड होतं. वेड म्हणजे अक्षरशः. या माणसाला आभाळातल्या शिट्ट्या ऐकायच्या होत्या. सर सांगायचे की वीज पडते तेव्हा उजेड आणि कडकडाट होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याच वेळी रेडिओसारख्या लहरीही निघतात. त्यातल्या काही थेट वर जातात. वर, खूप वर, हवा इतकी विरळ होते आणि ऊन तिला असं सोलून काढतं की तिचे कण विजेचे होऊन जातात. त्याला प्लाझ्मा म्हणायचं. पृथ्वीच्या चुंबकाच्या अदृश्य रेषा त्यातून कमानीसारख्या गेलेल्या असतात आणि ती लहर त्या रेषेचं बोट धरून विषुववृत्त ओलांडते व दुसऱ्या बाजूला खाली उतरते. वाटेत बारीक सूर पुढे पळतात आणि जाड सूर मागे रेंगाळतात. म्हणून खाली पोचेपर्यंत एका क्षणाच्या तडाख्याची लांबलेली शिट्टी झालेली असते, वरच्या पट्टीतून खाली घसरत येणारी. तिकडे दक्षिणेला हिंदी महासागरात कुठेतरी वीज पडावी आणि तिची शिट्टी आमच्या हिंगणीच्या शिवारात उतरावी. मला तर हे ऐकल्या दिवसापासून दुसरं काही सुचेना.

आमच्या भागात ही शिट्टी फार क्वचित येते, आणि येते ती थंडीच्या दिवसांत, सूर्य उगवायच्या आधी. शिवाय विजेच्या तारा जवळ असल्या तर डब्यात नुसती घरघर भरते. सरांनी तीन विद्यार्थ्यांना तीन डबे दिले होते. मला दिला तो आमचं गाव जंगलाच्या कडेला आहे म्हणून. महिनाअखेर डबे परत करायचे होते, आणि ज्याच्या कॅसेटवर एक तरी स्वच्छ शिट्टी असेल त्याचं एकट्याचं नाव उन्हाळ्यात मोठ्या संशोधन संस्थेतल्या प्रशिक्षणासाठी जाणार होतं. ते नाव माझं असावं, यापलीकडे त्या महिन्यात माझ्या डोक्यात काही नव्हतं. अँटेना म्हणून लाकडी चौकटीवर तांब्याची तार गुंडाळायची होती. ती कुणी गुंडाळली हे सांगायला नको. आईनं फक्त एवढंच विचारलं की लोकं रेडिओवर गाणे ऐकतात, तू कायले तडतड ऐकून राह्यली, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता स्वतःची शाल काढून दिली.

जागा सापडली सुदामकाकांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. सुदामकाका म्हणजे बाबांचे शाळेपासूनचे मित्र. शेत बोर अभयारण्याच्या जंगलाकडच्या अंगाला, विजेचा खांब लांब. पहाटे चारला मी सायकलवर डबा बांधून निघायची, चौकट बोरीच्या झाडाला टेकवायची, कानाला हेडफोन, मांडीवर टेपरेकॉर्डर. पहिल्या दिवशी काय ऐकू आलं ते मी जन्मात विसरणार नाही. फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज, न थांबणारा. देशोदेशी पडणाऱ्या विजांचा तो आवाज होता. मधूनच टुंग, टुंग असे थेंब. वर डोळ्यांना काही म्हणता काही दिसत नव्हतं, चांदण्या आपल्या जागी होत्या. इतका बाजार भरलाय वर आणि आपल्याला पत्ताच नाही, याचं मला हसू येत होतं.

आणि त्या तडतडीत टकटक होती. टक. टक. टक. एकसारखी, सेकंदाहून जराशी लांब, घड्याळाला लाजवील अशी. दुसऱ्या दिवशी तीच. तिसऱ्या दिवशी तीच. आता मला सांगा, वीस वर्षांच्या पोरीनं काय समजावं? विजा कधी तालात पडत नाहीत. म्हणजे हे वरच्या प्लाझ्मातच काहीतरी धडधडतंय, आणि ते आजवर कुणी ऐकलेलं नाही. मी कॉलेजात भर वर्गात ही कॅसेट लावली. सरांनी डोळे मिटून ऐकली आणि हळूच विचारलं, शेजारी काही विजेचं आहे का गं? मी ठासून सांगितलं, सर, खांब सुद्धा नाही. वर्गातल्या पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या धडधडीला माझंच आडनाव द्यायचं, हेही मी मनात ठरवून टाकलं होतं. हे लिहितानाही माझे कान तापतात.

त्या संध्याकाळी वंदना सुरू झाल्यावर मी बाबांना हेडफोन लावून दिला. बाबांनी ऐकलं. त्यांचं बोट मांडीवर पडायला लागलं, टक, टक. मग त्यांनी हेडफोन काढला आणि मला म्हणाले, "हे तं माही मशीन हाय."

झटका मशीन! सुदामकाकांच्या शेताभोवती तार होती आणि खोपडीतल्या, म्हणजे शेतातल्या झोपडीतल्या बॅटरीवर चालणारं ते यंत्र त्या तारेत थोड्या थोड्या वेळानं झटका सोडायचं. माणूस मरायचा नाही, पण रानडुकराचं तोंड लागलं की ते चीं करून बोरच्या जंगलाकडे पळायचं. त्या यंत्राचं कॉइल बाबांनीच भरलेलं, आमच्याच ओसरीत, तोंडानं मोजत. मी तेव्हा त्यांच्या समोर बसून अभ्यास करत होते. तरी बापाच्या हातचा आवाज मी आभाळाचा समजून बसले. आई इतकी हसली की तव्यावरची भाकर जळाली.

सुदामकाकांना कळलं तेव्हा मात्र ते हसले नाहीत. त्यांना भारीच अभिमान वाटला. आपली मशीन इतकी ताकदीची की पोरीच्या डब्यात बोलते! रोज संध्याकाळी ते आमच्याकडे यायचे, हेडफोन लावायचे, आणि त्या देशोदेशीच्या विजा सोडून स्वतःची टकटक तेवढी ऐकायचे. येताना कधी मुळासकट उपटलेले ओले हरभरे आणायचे, कधी तुरीच्या शेंगा. आई शेंगा मीठ घालून उकडायची आणि आम्ही सोलत बसायचो. दोनदा तर ते पाव्हण्यांनाही घेऊन आले. मी वरून हसायची, आत मात्र चडफडायची. कारण सरांनी सांगून टाकलं होतं की टकटकीची कॅसेट काही कामाची नाही. शिट्टी एवढीशी येते, पुरता सेकंदही नाही. ती नेमकी टकटकीखाली सापडली तर गेली. आणि दुसरीकडे अशी जागा नव्हती, गावाच्या बाजूला सरकलं की घरघर सुरू.

मशीन तासभर बंद ठेवायला काकांना विचारायचं, एवढी साधी गोष्ट होती. मी विचारलं नाही. हरभरा घाट्यांवर आलेला, डुकरं रोज धुऱ्यापर्यंत येऊन परत जात होती, अशा वेळी कोणता शेतकरी हो म्हणेल, असं मीच ठरवलं. नाही म्हणाले तर मग चोरून बंद करायचीही सोय उरणार नाही, हेही मनात होतं. ते मी आज कबूल करते. तेव्हा मी स्वतःला सांगितलं होतं की उगाच काकांना कशाला धर्मसंकटात टाकायचं.

महिन्याचे शेवटचे चार दिवस उरले होते. पहाटे खोपडीत जाऊन मी बॅटरीची क्लिप काढली. तारेवरचा लाल दिवा गेला. हेडफोन लावला तर काय सांगू, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. तडतड, टुंग, तडतड. मी बोरीला पाठ टेकून बसले, बोटं गारठलेली. अर्धा तास झाला असेल. आणि ती आली. श्यूऽऽऽ, वरून खाली, दोर सुटून बादली विहिरीत जावी तशी. मागोमाग अजून एक. मला रडू आलं. खरंच आलं, त्यात लाजण्यासारखं काय. समुद्रापलीकडची वीज एवढा मोठा वळसा घालून माझ्या मांडीवरच्या कॅसेटमध्ये उतरली होती आणि त्या शिवारात ते मला एकटीला ठाऊक होतं.

मी एकटी नव्हते हे हेडफोन काढल्यावर कळलं. पाठीमागं करकर, मचमच. आठ-दहा डुकरं, पिलं धरून, हरभऱ्यात निवांत. मी ओरडले, राखणीचा रिकामा डबा बडवला, ती पळाली. फटफटलं तेव्हा बघितलं, धुऱ्यापासून खोपडीपर्यंतचा पट्टा उखळून ठेवला होता. मी काय केलं? क्लिप जागेवर लावली, लाल दिवा लागला, सायकल घेतली आणि घरी आले. आईला एवढंच सांगितलं की शिट्टी सापडली. आईनं माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला.

दुपारी सुदामकाका मशीन पोत्यात गुंडाळून घेऊन आले. बॅटरी भरलेली, तार कुठं तुटलेली नाही, दिवा लागतो, टकटकही होते, तरी डुकरं आत आली कशी? दोघं मित्र डोकं लावून बसले. काकांनी बाबांना बोल लावला नाही, लावला असता तर बरं झालं असतं. बाबांनीच स्वतःवर घेतलं. म्हणाले, पहाटेच्या दवात कॉइल आतून फुटत असेल, माझंच कुठंतरी कच्चं राहिलं असेल. आणि त्यांनी ते कॉइल उकलायला घेतलं. बारीक केसासारखी तार, बाराशे वेढे, उलटी मोजणी करत, एकेक वेढा भिंगाखाली बघत. घरात चिडीचूप. मी समोर बसले होते, तशीच, पुस्तक उघडून. अकराशे नव्वद. अकराशे एकोणनव्वद. मला वाटत होतं आता बोलावं. पण मोजणी चालू असताना बोलायचं नाही, हा नियम होता ना? त्या नियमाच्या आडोशाला मी दोन दिवस काढले.

मशीन आमच्याकडे, म्हणून काका दोन्ही रात्री राखणीचा डबा आणि काठी घेऊन जागलीला बसले. तिसऱ्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले तेव्हा डोळे तांबडेलाल होते. बाबा दिवा जवळ ओढून उरलेले वेढे बघत होते. आईनं चहा दिला आणि मला म्हणाली, काकाले ते शिट्टी ऐकव न वं, दोन दिवसाचे जागून राह्यले बिचारे. नाही म्हणायला कारण नव्हतं. मी कॅसेट लावली.

काकांनी डोळे मिटून ऐकलं. शिट्टी आली तसा त्यांचा चेहरा उजळला. "सुंदर हाय वं," म्हणाले, "पुन्हा लाव." मी पुन्हा लावली. तिसऱ्यांदा त्यांनी शिट्टीच्या आधीचं-नंतरचंही धरून बराच वेळ ऐकलं. मग हेडफोन गळ्यात उतरवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"माही टकटक कुठी गेली वं याच्यात?"

बाबांची मोजणी थांबली. एकशे चौदावर. आकडा अजून लक्षात आहे कारण मी दुसरीकडे कुठे बघूच शकत नव्हते, त्यांच्या ओठांकडेच बघत होते. आईच्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली. बाबांनी त्या उकललेल्या तारेच्या गुंत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग "म्या बंद केलती," असं मी म्हणाले, शुद्ध मराठी कुठल्या कुठे पळाली, आणि मी ढसाढसा रडायला लागले.

सुदामकाका रागावले नाहीत. चहा बशीत ओतून पीत राहिले. बशी खाली ठेवल्यावर म्हणाले, "पुसलं असतं तं मी जागल केली असती. आत्ता दोन रात्री केलीच नाई का? तेव्हा बी केली असती." मग म्हणाले, "तू पुसलंच काऊन नाई?"

माझ्या मनात त्यांची जागा डुकरं, हरभरा आणि हसण्यावारी नेण्याची टकटक एवढीच होती. ज्या माणसानं रोज शेंगा आणल्या त्याला आभाळाचं काही पडलेलं असेल, हे माझ्या हुशार डोक्यात शिरलंच नव्हतं.

बाबांनी उठून नवं तारेचं रीळ काढलं, रिकामा साचा माझ्या पुढ्यात ठेवला आणि बोट दाखवलं. मी त्या रात्री आणि दुसरा अख्खा दिवस बाराशे वेढे गुंडाळले, तोंडानं मोजत. सातशेच्या आसपास आकडा हुकला. बाबांनी नुसतं बघितलं. मी सगळं उकललं आणि एकपासून सुरू केलं. घरात कुणी बोललं नाही, आई हातवाऱ्यांनी जेवायला बोलावत होती. कॉइल पुरं झालं तेव्हा बाबांनी ते हातात घेऊन फिरवून फिरवून बघितलं आणि वार्निशात बुडवलं. हरभरा निघेपर्यंत, कॉलेज नसेल त्या प्रत्येक पहाटे, मी सुदामकाकांच्या धुऱ्यावर राखणीचा डबा वाजवत बसले. कॅसेट सरांना दिली, सोबत सगळी हकिकतही. निरीक्षणाच्या वहीत परिस्थितीचा एक रकाना असतो, त्यात सरांनी माझ्याकडूनच लिहून घेतलं: झटका मशीन बंद, मालकाला न विचारता. नाव मात्र माझंच गेलं.

पुढं मी हेच करत राहिले. आता पृथ्वीच्या नाही, मंगळाच्या वरच्या हवेतला प्लाझ्मा ऐकते. मंगळाला आपल्यासारखं एकसंध चुंबक नाही, नुसती ठिगळं आहेत, त्यामुळे सूर्याकडून येणारा कणांचा वारा त्याची हवा थोडी थोडी खरवडून नेतो. ती कशी जाते ते तिथल्या लहरींवरून कळतं. मागे एकदा तिथल्या यानाकडून आलेल्या नोंदींत एकसारखी टकटक सापडली आणि आमच्या गटातली पोरं आनंदानं वेडी झाली. कुणीतरी तिला नावही ठेवलं. मी म्हटलं, बाळांनो, आधी मशीन कुणाची ते बघा. चार दिवसांनी सापडलं, यानावरच्याच दुसऱ्या उपकरणाची होती. आमच्या प्रयोगशाळेत आता असल्या आवाजाला सगळे सुदामकाका म्हणतात. मराठीचा गंध नसलेली तेलुगू पोरंही म्हणतात.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. काकांचं आता वय झालंय, एका कानानं कमी ऐकू येतं. मशीन अजून आहे, सौरपट्टीवर चालते, आत कॉइल मी गुंडाळलेलंच आहे. दरवर्षी थंडीत काकांचा फोन येतो आणि मोठ्या आवाजात एकच बोलणं असतं. "येजो. तुह्या शिट्टीचे दिवस हाय. मशीन बंद ठेवतो, मी बसतो जागलीले."

आता तसली टकटक कॉम्प्युटर आपोआप गाळून टाकतो, मशीन बंद करायची काही गरज उरलेली नाही. हे मी काकांना सांगितलेलं नाही. मी सुट्टी टाकते, तसाच एक डबा घेते आणि जाते. ते काठी घेऊन खोपडीत बसतात, मी बोरीखाली. हेडफोनचं एक टोक मी काढून त्यांच्या चांगल्या कानाला लावते. आणि मशीनची क्लिप काढायच्या आधी, दरवेळी, मी त्यांना विचारते.